क्रूझच्या आदल्या रात्रीचं हॉटेल: शहरात, बंदराशी की विमानतळाजवळ?

गलबत

हा प्रश्न दर हंगामात चार वेगळ्या धाग्यांवर येतो आणि उत्तरं विखुरतात, म्हणून एक जागा करतो आहे. जहाज सुटण्याआधीच्या एक-दोन रात्रींसाठी हॉटेल कसं निवडायचं, एवढाच विषय. क्रूझ कुठली आणि केबिन कुठली, याचे धागे आधीच आहेत. ते इथे आणू नका.

माझ्यापासून सुरुवात. हॉटेलं शोधायला बसण्याआधी तिकिटावर टर्मिनलचं नाव बघा. शहराचं नाही, टर्मिनलचं. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'रोम' असतं आणि जहाज लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे. दोन्हीकडे अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात किंवा त्याहून जास्त. 'ऑरलँडो' म्हणजे पोर्ट कॅनाव्हरल, तेही सत्तरेक किलोमीटर. व्हेनिसचं तर १ ऑगस्ट २०२१ पासून चित्रच बदललं. २५,००० ग्रॉस टनांवरच्या (म्हणजे मोठ्या) जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून आणि ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आली. त्यामुळे तिकिटावर व्हेनिस असलं तरी जहाज मार्गेरा, त्रिएस्ते किंवा रावेन्ना, कुठेही असू शकतं. रावेन्नाचं बंदर व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. कालव्याकाठी सुंदर खोली घेतली आणि सकाळी उठून तिथे पोचायचंय हे आदल्या दिवशी कळलं, तर हॉटेलचा काय दोष?

आणि शहर बरोबर असलं तरी टर्मिनल एकच असेल असं नाही. सिएटलला पिअर ६६ मध्यवस्तीत आहे, पिअर ९१ तिथून तीन-चार किलोमीटर उत्तरेला. हँबुर्गचं श्टाइनवेर्डर टर्मिनल एल्बे नदीच्या पलीकडच्या काठावर, बाकीची अलीकडे.

दीपस्तंभ

गलबत यांनी जागा सांगितली, मी वेळ सांगतो. जहाज सुटायची वेळ डोक्यातून काढून टाका. तिचा उपयोग फक्त डेकवर उभं राहून हात हलवायला.

खरी वेळ म्हणजे ऑनलाइन चेक-इन करताना मिळालेला स्लॉट, साधारण अर्ध्या तासाचा. त्याच्या पुढची भिंत म्हणजे चेक-इन काउंटर बंद होण्याची वेळ. ती बहुतेक कंपन्यांत जहाज सुटण्याआधी साठ ते नव्वद मिनिटं असते, काहींची दोन तास. अमेरिकी बंदरांत सुटण्याच्या ६० मिनिटं आधी प्रवाशांची अंतिम यादी सरकारकडे पोचावी लागते. त्यामुळे तिथे काउंटरवरच्या माणसाला दया आली तरी त्याच्या हातात काही नसतं.

'चुकलं तर पुढच्या बंदरात गाठू' हेही सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज मध्ये दूरच्या परदेशी बंदराला न लागता प्रवाशाला एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात नेऊन सोडू शकत नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याची. सिएटलची फेरी चुकली आणि विमानाने अलास्कातल्या जुनोला जाऊन चढतो म्हटलं, तर जुनो ते सिएटल हा नेमका तोच निषिद्ध प्रवास होतो. मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागलं तरी ते 'दूरचं' बंदर धरत नाहीत.

म्हणून रात्री किती, याचं माझं गणित असं. थेट विमान आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचणारं असेल तर एक रात्र पुरते. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन. याचं कारण दमणूक नाही, बॅग. जोडविमानात मागे राहिलेली बॅग बहुतेक वेळा पुढच्या विमानाने, म्हणजे दुसऱ्या दिवशी येते. तुम्ही त्याच हॉटेलात अजून असाल तर ती मिळते. जहाज सुटलं असेल तर बॅग बंदराबंदरांतून तुमचा पाठलाग करत राहते. आणि हो, बॅग हरवल्याचा अर्ज भरताना पत्ता हॉटेलचा, त्यासोबत जहाजाचं नाव आणि बंदरांची तारीखवार यादी द्या.

ओहोटी

स्थानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टर्मिनल शहरापासून अर्ध्या तासात येत असेल तर शहरातच राहा. बंदरालगतची हॉटेलं बहुतेक वेळा गोदामं, ट्रकचे रस्ते आणि कंटेनरच्या कुंपणांमध्ये असतात. नकाशावर 'टर्मिनलपासून ८०० मीटर' दिसतं, पण ते सरळ रेषेतलं अंतर. मध्ये बंदराची भिंत किंवा पाणी आलं की रस्त्याने तीन किलोमीटर होतात. हॉटेलपासून थेट 'बंदर' असा मार्ग काढू नका, टर्मिनलच्या दारापर्यंतचा काढा, आणि पायी व गाडीने दोन्ही.

बार्सिलोना घ्या. मोठी जहाजं मोल अदोसात या धक्क्याला लागतात. कोलंबसच्या पुतळ्यापासून ते पूल ओलांडून दोनेक किलोमीटर पुढे, आणि टर्मिनलं एकापुढे एक रांगेत, त्यामुळे शेवटचं आणखी लांब. पुतळ्याजवळून टी३ नावाची निळी बंदर-बस जाते. म्हणजे मेट्रोच्या द्रासानेस स्थानकाच्या आसपासचं हॉटेल सोयीचं. पण गॉथिक भागातल्या गल्ल्यांत शिरू नका, तिथे टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि फरशीवरून चाकं ओढत यावं लागतं. याउलट काही लहान जहाजं वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या धक्क्याला लागतात, ते पुतळ्यापासून चालत. एकाच शहरात, एकाच हॉटेलला, तिकिटावरच्या टर्मिनलने अर्थ बदलतो तो असा.

तांडेल

ओहोटी, अर्धंच पटलं. हे सगळं दुपारपर्यंत पोचणाऱ्यांसाठी झालं. रात्री साडेदहाला विमान उतरणार, इमिग्रेशन आणि बॅग धरून बारा वाजणार, सकाळी अकराचा स्लॉट. अशा माणसाला शहर बघायला मिळणार किती? त्याने विमानतळाजवळच राहावं. फक्त एक अट: विमानतळ आणि बंदर शहराच्या एकाच बाजूला हवेत. फोर्ट लॉडरडेल हे सरळ उदाहरण, तिथला विमानतळ आणि पोर्ट एव्हरग्लेड्स अगदी शेजारी. तिथे मुद्दाम मायामीत राहायला जाणं म्हणजे चाळीसेक किलोमीटर जाऊन परत येणं. उलट जहाज मायामीहून असेल तर मायामीच्या मध्यवस्तीत किंवा ब्रिकेलमध्ये राहा, बंदर डोळ्यांसमोर असतं. साउथ बीच छान आहे, पण तिथून यायचा रस्ता पाण्यावरच्या पुलांवरूनच, आणि शनिवार-रविवारी ते पूल तुंबतात.

'मायामी' आणि 'फोर्ट लॉडरडेल' एकच समजून हॉटेल घेणारे दर आठवड्याला निघतात.

पडाव

चिवितावेक्कियाला राहावं की रोममध्ये? याचं ठाम उत्तर कुणी देईल का? एक रात्र, चौघं, चार मोठ्या बॅगा, दुपारी बाराचा स्लॉट.

ओहोटी

रोम, पण रोममध्ये कुठे ते महत्त्वाचं. सगळे तेर्मिनी स्थानकाजवळ घेतात. वाईट नाही, पण चिवितावेक्कियाच्या प्रादेशिक गाड्या तेर्मिनीहून निघून ओस्तिएन्से, त्रास्तेव्हेरे आणि सान पिएत्रो इथे थांबतात. सान पिएत्रो स्थानक व्हॅटिकनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, लहानसं, फलाट शोधत पळायला लावत नाही. तिथून गाडीला पाऊण ते एक तास. संध्याकाळ व्हॅटिकनच्या परिसरात, सकाळी नऊ-साडेनऊची गाडी, अकराच्या आत बंदरावर.

फ्युमिचिनो विमानतळाहून येताना लोक सवयीने लिओनार्दो एक्सप्रेस पकडतात. ती थेट तेर्मिनीला जाते, मध्ये थांबत नाही. सान पिएत्रोला जायचं असेल तर एफएल१ ही साधी गाडी घेऊन त्रास्तेव्हेरेला बदलायची. कागदी तिकीट असेल तर गाडीत बसण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. तिकीट खरं असलं तरी शिक्का नसेल तर दंड होतो.

चिवितावेक्कियाला उतरलात म्हणजे जहाजाशी उतरलात असं नाही. स्थानकापासून बंदराच्या लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत बस किंवा टॅक्सी, आणि तिथून जहाजापर्यंत बंदराची शटल. हे दोन टप्पे मिळून अर्धा-पाऊण तास धरा.

तांडेल

चौघं आणि चार मोठ्या बॅगा म्हटल्यावर मी रेल्वेचं सांगणार नाही. प्रादेशिक गाडीला सामानाची जागा कमी, त्यात त्याच दिवशी जाणारे सगळे क्रूझवालेच. आधी ठरवलेली व्हॅन चौघांत विभागली की फरक फार उरत नाही. दोघं आणि दोन बॅगा असतील तर रेल्वेच.

शिवाय इटलीत रेल्वे संप अधूनमधून असतात. ते आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. शनिवार-रविवारी ही हमी नसते. क्रूझ नेमक्या शनिवारी-रविवारीच जास्त सुटतात, हे लक्षात ठेवा.

पडाव

व्हॅनच घेतो. आभार दोघांचे.

नांगरपट्टी

कोणी खोलीच्या आकाराबद्दल बोललंच नाही. क्रूझआधीची खोली ही साधी पर्यटकाची खोली नाही, कारण सामान दुप्पट असतं: औपचारिक कपडे, पोहण्याचे कपडे, बुटांचे तीन जोड.

मोठी बॅग बंद असताना साधारण ७५ बाय ५० सेंटीमीटर. उघडली की ७५ बाय १००. दोन उघड्या बॅगांना दीड चौरस मीटर मोकळी फरशी लागते, आणि युरोपातल्या जुन्या हॉटेलांची डबल खोली बारा-चौदा चौरस मीटरची असते. त्यातून पलंग, कपाट, न्हाणीघर वजा करा. एक बॅग पलंगावर उघडावी लागते आणि झोपताना पुन्हा बंद करून उभी करावी लागते. खोलीच्या वर्णनात चौरस मीटर दिलेले असतात, फोटोऐवजी ते वाचा. दोघांना अठराच्या वर असेल तर सुखात होतं.

लिफ्ट हा दुसरा सापळा. 'लिफ्ट आहे' म्हणजे रस्त्यापासून लिफ्ट आहे असं नाही. जुन्या इमारतींत दारातून आत आलं की पाच-सहा पायऱ्या, मग तीन माणसांची लिफ्ट. त्यात एक माणूस आणि एक बॅग. चार बॅगांच्या चार फेऱ्या. 'पहिला मजला' म्हणजे तळमजल्याच्या वरचा, हे धरूनच चाला. काही ठिकाणी स्वागतकक्षच दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतो. हॉटेलला निरोप पाठवून नेमकं असं विचारा: रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या? 'पायऱ्या आहेत का' असं विचारलं की उत्तर 'लिफ्ट आहे' येतं.

व्हेनिसला हाच प्रश्न पुलांच्या बाबतीत विचारावा. वापोरेत्तोच्या, म्हणजे पाण्यातल्या बसच्या, थांब्यापासून हॉटेलपर्यंत मध्ये पूल किती? प्रत्येक पूल म्हणजे चढून-उतरून पंचवीस-तीस पायऱ्या. एकच रात्र असेल आणि गुडघे कुरकुरत असतील तर प्याझाले रोमाजवळ राहा, गाड्या तिथपर्यंत येतात.

गलबत

हा प्रतिसाद वर चिकटवायला हवा.

रेवस

आमच्यासारखे सकाळी सात वाजता उतरतात, त्यांनी काय करायचं? हॉटेलचं चेक-इन तीनला.

दीपस्तंभ

तीन मार्ग, आणि तिसरा बेभरवशाचा.

पहिला, आदल्या रात्रीचे पैसे भरून खोली धरून ठेवायची. असं केलंत तर हॉटेलला लेखी कळवा की आम्ही सकाळी सातला येणार आहोत. नाहीतर रात्री आलात नाही म्हणून 'नो-शो' धरून सगळं आरक्षणच रद्द होऊ शकतं. ही चूक फार महाग पडते.

दुसरा, अर्ली चेक-इन पैसे भरून पक्कं करणं. मोठ्या साखळी हॉटेलांत हे मिळतं, साधारण सकाळी दहा-अकरापासून.

तिसरा, 'उपलब्धतेनुसार'. याचा अर्थ आदल्या रात्री हॉटेल भरलेलं असेल तर नाही. बंदरगावांत क्रूझच्या आदल्या रात्री हॉटेलं भरलेलीच असतात, त्यामुळे यावर विसंबू नका. बॅगा मात्र जवळपास सगळीकडे ठेवून घेतात. सातला बॅगा टाकायच्या, तोंड धुवायला लॉबीचं स्वच्छतागृह आणि हातातल्या पिशवीत एक धुतलेला सदरा.

हॉटेल सोडतानाही तोच पेच उलट्या बाजूने येतो. चेक-आउट अकराला आणि स्लॉट दोनचा असेल तर मधले तीन तास बॅगा कुठे, हे आधी ठरवा. लवकर बंदरावर जाऊन बसायचा मोह होतो, पण स्लॉटआधी काही टर्मिनलांत आतच घेत नाहीत, बाहेर उभं राहावं लागतं. आणि सकाळी सात ते दहा त्याच जहाजातून आधीच्या फेरीचे हजारो लोक उतरत असतात. त्यांच्या टॅक्सी बाहेर निघत असतात, तुमची आत शिरायला बघते. बंदराचा रस्ता सगळ्यात जास्त तुंबतो तो याच वेळात.

तांडेल

यालाच जोडून: त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते बघा. बहुतेक बंदरं आपलं धक्का-वेळापत्रक संकेतस्थळावर टाकतात. तीन मोठी जहाजं एका दिवशी असतील तर दहा-बारा हजार माणसं चढणार आणि तेवढीच उतरणार. आदल्या रात्रीचे हॉटेलचे दर का चढलेत, तेही मग कळतं. व्हँकुव्हरला कॅनडा प्लेसवर अलास्काकडे जाणाऱ्यांची अमेरिकी इमिग्रेशन तपासणी चढण्याआधी तिथेच होते, म्हणून तीन जहाजांच्या दिवशी रांग फार लांबते. तिथे हॉटेलचा प्रश्न सोपा आहे. विमानतळावरून कॅनडा लाइन गाडीने पंचवीस मिनिटांत वॉटरफ्रंट स्थानक, आणि कॅनडा प्लेस तिथून पायी दोन मिनिटं. त्या स्थानकाच्या अर्ध्या किलोमीटरच्या परिघात जे परवडेल ते घ्या. ज्यांना व्हिसा लागतो त्यांना मात्र तिथे कॅनडा आणि अमेरिका दोन्हींचा लागणार, कारण हॉटेलची रात्र कॅनडात आहे.

दरांबद्दल आणखी एक. दर विचित्र वाढलेले दिसले तर शहरात काय आहे ते शोधा. बार्सिलोनात फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चच्या सुरुवातीला मोबाइल वर्ल्ड काँग्रेस हे मोठं प्रदर्शन, २४ सप्टेंबरच्या आसपास ला मेर्से हा शहराचा उत्सव. साउदम्प्टनला सप्टेंबरात बोट शो, तोही मेफ्लॉवर पार्कात, म्हणजे टर्मिनलांच्या शेजारीच. रोम आणि बार्सिलोना दोन्हीकडे मार्चमध्ये रविवारी मॅरेथॉन असते, तेव्हा दर तर वाढतातच, रस्तेही बंद असतात. रविवारी जहाज असेल तर हे तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

शीडवारा

'क्रूझ शटल उपलब्ध' या तीन शब्दांवर जाऊ नका. त्यातून चार प्रश्न निघतात. फुकट की माणशी पैसे? विमानतळावरून हॉटेल, की हॉटेलवरून बंदर? पुष्कळ ठिकाणी पहिलं फुकट आणि दुसरं विकत असतं. किती वाजता? ठरावीक दोन-तीन फेऱ्या असतात, आणि सोयीची फेरी आदल्या संध्याकाळी नाव लिहिणाऱ्यांनी भरून जाते. आणि आपल्याच टर्मिनलला जाते का?

नाव लिहायचं ते खोलीची किल्ली घेतानाच. रात्री जेवून आल्यावर नाही.

टॅक्सीचंही तसंच. साध्या गाडीत चार माणसं बसतात, पण चार मोठ्या बॅगांसकट नाही. डिकीत दोन मोठ्या आणि एक छोटी जेमतेम. सकाळी अकराला स्वागतकक्षात येऊन 'व्हॅन हवी' म्हटलं तर तिथे आधीच सहा कुटुंबं उभी असतात.

चिंबोरी

आशियातली बंदरं कुणी घेतली नाहीत, म्हणून सिंगापूर. दोन टर्मिनलं, दोन टोकांना. हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर आणि मरीना बे क्रूझ सेंटर. दुसऱ्याच्या नावातल्या 'मरीना बे'ने लोक फसतात. मरीना बे स्थानकावर किंवा बेफ्रंटला उतरतात आणि टर्मिनल शोधत बसतात. त्याचं खरं स्थानक मरीना साउथ पिअर, मरीना बेच्या पुढचं, त्या मार्गिकेवरचं शेवटचं. म्हणजे लाल मार्गिकेवरचं कुठलंही हॉटेल चालेल, एकाच गाडीत काम होतं. हार्बरफ्रंट असेल तर जांभळ्या मार्गिकेवरचं घ्या, चायनाटाउन वगैरे. शहरात शिरण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचं ऑनलाइन कार्ड भरायचं असतं. त्यात राहण्याचा पत्ता हॉटेलचा टाका, जहाजाचा नाही.

सिडनीलाही जोडी आहे. सर्क्युलर कीचं टर्मिनल अगदी स्थानकासमोर. हार्बर ब्रिजखाली ४९ मीटरच उंची मिळते, त्यामुळे त्याहून उंच जहाजं पुलाच्या अलीकडे, इथेच लागतात. बुटकी जहाजं पुलाखालून व्हाइट बेला जातात आणि तिथे रेल्वे नाही.

ओहोटी

मरीना साउथ पिअरचं नेमकं सांगितलंत, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं.

मचवा

आरक्षणाच्या अटींबद्दल लिहितो, कंटाळवाणं आहे पण पैसे इथेच जातात.

क्रूझ वर्षभर आधी ठरते. हॉटेलही तेव्हाच धरा, पण फुकट रद्द करता येणारं. मग क्रूझचे अंतिम पैसे भरायच्या सुमारास, साधारण तीन महिने आधी, दर पुन्हा बघा. उतरले असतील तर नवीन घ्या आणि जुनं रद्द करा. क्रम हाच ठेवा. रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेने मोजतात. '१० तारखेच्या सायंकाळी ६ पर्यंत' म्हणजे त्यांच्या घड्याळातले सहा. व्हिसाच्या अर्जाला जे आरक्षण जोडलंत ते बदललंत तर नवीन कागद जवळ बाळगा, सीमेवर विचारू शकतात.

दिसलेला दर आणि भरायचा दर वेगळा. युरोपातल्या बहुतेक पर्यटन-शहरांत मुक्काम-कर वेगळा लागतो. रोम आणि बार्सिलोनात तो माणशी, दर रात्रीचा आणि हॉटेलच्या दर्जानुसार. ॲम्स्टरडॅममध्ये खोलीच्या दराच्या टक्क्यांत, २०२४ पासून १२.५ टक्के. पुष्कळदा तो हॉटेलातच भरावा लागतो. चौघांना ही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

मुलांची वयं खरी टाका. 'दोन मोठे' म्हणून खोली घेऊन चौघं पोचलात तर आगीच्या नियमांमुळे हॉटेल नाकारू शकतं. त्या रात्री दुसरी खोली मिळणं कठीण, कारण वर तांडेल यांनी सांगितलं तेच.

चेक-इनला हॉटेल कार्डावर अनामत अडकवून ठेवतं. डेबिट कार्ड दिलंत तर ते पैसे खात्यातून खरोखर अडकतात आणि सुटायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. तेवढ्यात क्रूझ संपते. अनामतीसाठी क्रेडिट कार्डच द्या.

क्रूझ कंपनीचं हॉटेल-अधिक-बस पॅकेज बहुतेक वेळा स्वतः घेतलेल्यापेक्षा महाग. टर्मिनल शहरातच असेल तर त्यात काही अर्थ नाही. चिवितावेक्किया किंवा ल हाव्रसारखं लांबचं बंदर असेल, सोबत वयस्कर माणसं असतील, तर विचार करावा. या पॅकेजमध्ये काही वेळा बॅगा आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट जहाजावर जातात. सकाळचे कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवल्याशिवाय बॅगेची चेन ओढू नका.

शीडवारा

मचवा, शेवटच्या वाक्यावर हसू आलं, पण रात्रीचे कपडे घालून बसमध्ये चढणारी मंडळी खरोखर असतात.

नांगरपट्टी

हॉटेलच्या रात्री करायची दोन कामं, जी जहाजावर होत नाहीत किंवा उशिरा होतात.

एक, इस्त्री. केबिनमध्ये इस्त्री न्यायला आगीच्या धोक्यामुळे बंदी असते, सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेंशन बोर्डालाही. पहिल्या औपचारिक संध्याकाळचे कपडे हॉटेलातच इस्त्री करून, वर घड्या घालून ठेवा. म्हणून खोलीच्या सोयींमध्ये इस्त्री आहे का हे बघा. काही हॉटेलांत ती फक्त मागितल्यावर मिळते, काहींत प्रत्येक मजल्यावर एकच.

दुसरं, क्रूझ कंपनीचे सामानाचे टॅग. ते विमानात लावायचे नाहीत, विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यांत फाटून जातात. घरून दोन प्रती छापून न्या, पान लहान न करता. घडीच्या रेघा छापलेल्या असतात, त्यावर दुमडलं की लांबट जाड पट्टी होते. ती बॅगेच्या वरच्या मुठीतून ओवायची, दोन्ही टोकं जुळवायची, आणि बारकोड सोडून दोन जागी स्टेपल मारायचे. एका स्टेपलवर टॅग फिरतो आणि फाटतो. स्टेपलर हॉटेलच्या स्वागतकक्षात मिळतो. पावसाची शक्यता असेल तर मुठीत ओवण्याआधी पट्टीवर दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावा.

टॅग लावलेली बॅग हमालाच्या हातात गेली की संध्याकाळपर्यंत दिसत नाही. केबिनही साधारण एक-दीड वाजेपर्यंत उघडत नाही. म्हणून पासपोर्ट, व्हिसाचे कागद, औषधं, चार्जर आणि पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत राहिला तर काउंटरवर सगळं थांबतं आणि ती बॅग शेकडो बॅगांमधून शोधावी लागते. हॉटेलच्या तिजोरीत राहिला तर त्याहून वाईट. तिजोरीत उद्या घालायच्या बुटांपैकी एक बूट ठेवा, विसरायची सोयच उरत नाही.

रेवस

बुटाची युक्ती भारी. साउदम्प्टनबद्दल एक विचारायचं होतं. लंडनमध्ये राहून सकाळी जावं की तिथेच राहावं?

दीपस्तंभ

वॉटर्लू स्थानकापासून साउदम्प्टन सेंट्रल साधारण सव्वा ते दीड तास. दोनचा स्लॉट असेल तर लंडन चालेल, हॉटेल वॉटर्लूच्या परिसरात घ्या. अकरा-बाराचा असेल तर आदल्या संध्याकाळी साउदम्प्टनलाच. रविवारी रुळांच्या कामासाठी गाड्या बंद करून बस लावतात, तेव्हाही तिथेच. आणि तुमचं विमान हीथ्रोला उतरत असेल तर लंडनमध्ये शिरूच नका, हीथ्रोहून साउदम्प्टनला थेट कोच आहे.

तिथे टर्मिनलं पाच आणि ती दोन बाजूंना. ओशन आणि क्यूई२ पूर्वेला, गोदी दरवाजा क्रमांक ४ मधून. सिटी, मेफ्लॉवर आणि २०२१ मध्ये सुरू झालेलं होरायझन पश्चिमेला. सिटीसाठी दरवाजा ८, मेफ्लॉवरसाठी १०. सेंट्रल स्थानकाजवळचं हॉटेल पश्चिमेकडच्यांना सोयीचं, जुन्या शहराच्या दक्षिण टोकाचं पूर्वेकडच्यांना.

रेवस

ओशन लिहिलंय. म्हणजे दक्षिण टोक आणि दरवाजा ४.

दीपस्तंभ

हो. पण धक्का ऐनवेळी बदलू शकतो. निघायच्या दोन दिवस आधी बंदराचं वेळापत्रक पुन्हा बघा आणि टॅक्सीवाल्याला जहाजाचं नाव, टर्मिनल आणि दरवाजा तिन्ही सांगा. नुसतं 'क्रूझ टर्मिनल' म्हटलं तर तो आधी विचारणार, पाचातलं कुठलं?